सहाशेचा फरक

संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते आणि किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, जुळत नव्हती. रोख ६०० रुपयांनी कमी. पतसंस्थेत काम केलेल्या माणसाला एवढ्यावरून सगळं चित्र दिसतं: शटर अर्धं खाली, घरी जायची कुणाचीच सोय नाही, आणि सगळ्यांच्या नजरा काउंटरवरच्या सगळ्यात नवख्या माणसाकडे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या ह्या शाखेत नवखी होती पिग्मीच्या, म्हणजे एजंट रोज दारोदार गोळा करतात त्या बारीक बचतीच्या, नोंदी करणारी मुलगी. डोळ्यांत पाणी आणून ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "सर, मी शंभरच मारले होते."

मी ह्या शाखेचे संगणक सांभाळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं ते कीबोर्ड खराब आहे का बघायला. कीबोर्ड चांगला होता. पण चुकीचं मूळ तिथेच होतं, आणि त्यात मोठा वाटा माझ्या दोन निर्णयांचा होता. पतसंस्था, दुकानं, करसल्लागारांची ऑफिसं सांभाळणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हे प्रकरण पहिल्यापासून लिहितो आहे.

दिवाळीच्या आधी शाखेचं नूतनीकरण झालं. जुनी रुंद टेबलं गेली आणि वर काच बसवलेले अरुंद काउंटर आले. त्यावर मॉनिटर, पासबुक प्रिंटर, नोटा मोजायचं यंत्र, शिक्के, स्टॅम्प पॅड, आणि उरलेल्या जागेत कीबोर्ड. नेहमीचा १०४ बटणांचा कीबोर्ड साधारण ४५ सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या उजवीकडचा आकड्यांचा ठोकळा, म्हणजे नमपॅड, १७ बटणांचा. तो काढला की ८७ बटणं उरतात आणि रुंदी ३६ सेंटिमीटरच्या आसपास येते. ही आठ-नऊ सेंटिमीटर जागा वाचावी म्हणून मी शाखाधिकाऱ्यांना चारही ठिकाणी ८७ बटणांचे कीबोर्ड सुचवले. "आकडे वरच्या ओळीत आहेतच की," असं मी तेव्हा म्हणालो होतो. ते आठवलं की आजही वाईट वाटतं, कारण असं बोलण्याआधी मी कॅशिअर काकूंना काम करताना पाच मिनिटंसुद्धा बघितलं नव्हतं.

नंतर बघितलं. काकूंच्या डाव्या हाताशी व्हाउचरांचा गठ्ठा असतो आणि अंगठ्यात रबरी टोपी. अंगठा एक व्हाउचर उलटतो, नजर रकमेवर जाते, आणि तोवर उजव्या हाताने आधीची रक्कम संपवलेली असते. उजवा हात जागचा हलत नाही. तर्जनी ४ वर, मधलं बोट ५ वर, अनामिका ६ वर, अंगठा शून्यावर, करंगळी एंटरवर. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. मधलं बोट त्यावर टेकलं की बाकीच्या बोटांना आपापली घरं सापडतात. काकूंच्या जुन्या कीबोर्डवरचा तो उंचवटा वीस वर्षांच्या सवयीच्या बोटाखाली झिजून गुळगुळीत झाला होता, तरी हात चुकत नव्हता. कीबोर्डकडे त्या बघतच नाहीत. मॉनिटरकडे बघतात तेही गठ्ठा संपल्यावर, बेरीज ताडून घ्यायला.

आता हेच वरच्या ओळीत करून बघा. दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर १९ मिलिमीटर, म्हणजे १ पासून ० पर्यंतची दहा बटणं १९ सेंटिमीटरभर पसरलेली. नमपॅडवर तीन रांगांची रुंदी सहा सेंटिमीटरही भरत नाही. वरची ओळ न बघता चालवायची तर दोन्ही हात लागतात, आणि दुसरा हात तिकडे गेला तर व्हाउचर कोण उलटणार? काकूंना एकेक रकमेला कागद खाली ठेवावा लागायचा, खाली बघावं लागायचं, मग पुन्हा कागद उचलून कुठवर आलो ते शोधावं लागायचं. चौथ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही माझा उजवा हातच काढून नेला." रागाने म्हणाल्या नाहीत. दमल्या होत्या.

मला ते लागलं, आणि घाईत मी दुसरी चूक केली. यूएसबीवर चालणारे चार सुटे नमपॅड आणले आणि चारही जागी जोडून दिले. दुखणं एकाला आणि औषध सगळ्यांना, असा तो प्रकार झाला. माणसं चार, कामं चार, हातांच्या सवयी चार. मी मात्र खरेदी एकाच मापाने केली.

शाखाधिकारी साहेबांकडे नमपॅड दोन दिवसच टिकला. त्यांचा लॅपटॉप जुना, आणि त्या काळच्या बऱ्याच लहान लॅपटॉपमध्ये अक्षरांच्या बटणांतच आकडे दडवलेले असायचे: नम लॉक (आकडे चालू-बंद करायचं बटण) लागलं की जे, के, एल ही बटणं १, २, ३ देतात, यू, आय, ओ ही ४, ५, ६, आणि एम शून्य देतं. विंडोजमध्ये नम लॉक सगळ्या जोडलेल्या कीबोर्डना मिळून एकच असतं. सुट्या नमपॅडसाठी ते लावलं की लॅपटॉपची अक्षरंही आकडे होऊन बसतात. साहेबांचा पासवर्ड सकाळी सकाळी चालेना. पडद्यावर नुसते ठिपके, त्यामुळे काय उमटतंय ते कळायचा मार्ग नाही. तीन वेळा चुकल्यावर खातं बंद झालं. ह्याची मुळं फार जुनी आहेत. १९८१ सालच्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ८३ बटणं होती आणि कर्सरच्या बाणांना वेगळी जागाच नव्हती. आकडे आणि बाण त्याच बटणांवर, म्हणून कुठलं हवं ते ठरवायला नम लॉक आलं. पुढे काही वर्षांतच १०१ बटणांच्या कीबोर्डवर बाण वेगळे झाले, पण नम लॉक राहून गेलं ते आजतागायत. स्वतःचं नम लॉक स्वतःपुरतं सांभाळणारे नमपॅडही मिळतात. साहेबांना मात्र नमपॅड नकोच होता. त्यांचं काम वाचायचं आणि मंजुरी द्यायचं. तो मी परत घेतला.

आता त्या मुलीकडे येतो.

शाखेत पिग्मीचे बरेचसे एजंट यंत्र वापरतात आणि त्यातली वसुली केबलने थेट संगणकात उतरते. पण दोन जुने एजंट अजून हाताने यादी लिहून आणतात: खाते क्रमांक, नाव, रक्कम. त्या याद्या ही मुलगी भरते. भाजीवाले, टपरीवाले, सलूनवाले, बारीक बारीक रकमा. १०, २०, ३०, ५०, १००, क्वचित २०० किंवा ३००. दिवसाअखेर यादीची बेरीज, संगणकातली बेरीज आणि एजंटाने भरलेली रोख हे तिन्ही एक आले पाहिजेत.

सुटे नमपॅड आल्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी रोख ६० रुपयांनी कमी आली. तिला वाटलं, दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा मोजण्यात आपण चुकलो. शेवटची एसटी गाठायची होती. तिने पर्समधून ६० रुपये काढून गल्ल्यात टाकले आणि कुणाला सांगितलं नाही. चार दिवसांनी पुन्हा ६०. पुन्हा भरले. त्यानंतर ६०० आले. तेवढे तिच्याकडे नव्हते, म्हणून प्रकरण उघड्यावर आलं.

लेखापाल भाऊ जुन्या हाताचे. फरक आला की दोन ताळे आधी करून बघायचे ही त्यांची शिस्त, आणि ती अगदी बरोबर आहे. पहिला ताळा नऊचा: आकड्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणजे ५४ चे ४५ पडले असतील, तर फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. ६०० ला जात नाही. दुसरा ताळा निम्म्याचा: जमेची रक्कम नावे, म्हणजे खर्चाच्या बाजूला, पडली असेल तर फरक दुप्पट होतो, म्हणून फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची. निम्मे ३००, आणि त्या दिवशी ३०० च्या पाच नोंदी होत्या. त्या तपासण्यात तास गेला. पाचही बरोबर. शेवटी यादी आणि संगणकातल्या नोंदी एकेक टिक मारत ताडल्या, तेव्हा सापडलं की एका टपरीवाल्याचे १०० यादीत आहेत आणि संगणकात ७०० पडलेत. कुणीतरी म्हणालं, लक्ष कुठे असतं हिचं. कुणी म्हणालं, कीबोर्ड तपासून घ्या. तोवर आणखी एक गोष्ट घडली होती: एक भाजीवाला पासबुक घेऊन आला आणि म्हणाला, मी २० दिले, इथे ८० लागलेत, कमी करा. पैसे जास्त लागले म्हणून कमी करायला आलेल्या त्या माणसाचं मला मोठं कौतुक वाटतं, कारण त्याच्यामुळेच पुढचं उलगडलं.

मी नमपॅडचं एकेक बटण पन्नास-पन्नास वेळा दाबून बघितलं. १ दाबलं की १ च येत होतं. मग भाऊंना विनंती केली की महिनाभरात ह्या काउंटरवर ज्या ज्या नोंदी दुरुस्त केल्यात, त्या मला काढून द्या. लगेच लक्षात येऊन तिने स्वतःच सुधारलेल्यासुद्धा. एका कागदावर दोन रकाने केले. हव्या होत्या त्या रकमा डावीकडे, पडल्या त्या उजवीकडे.

१०० चे ७००. २० चे ८०. ३० चे ९०. २०० चे ८००. १० चे ७०. पुन्हा २० चे ८०.

कागद पुढे ठेवून बराच वेळ बसलो. ५० ची आणि ५०० ची एकही नोंद त्यात नव्हती, आणि यादीत तर पन्नासच्याच रकमा सर्वांत जास्त. चूक निष्काळजीपणाची असती तर ती पन्नासलाही झाली असती. इथे चुकत होते ते १, २ आणि ३, आणि दर वेळी त्यांच्या जागी ७, ८ आणि ९ पडत होते. सातातून एक गेले सहा. आठातून दोन गेले सहा. नवातून तीन गेले सहा. म्हणून फरक नेहमी ६०, ६०० असा, आणि चुकणाऱ्या रकमा १, २, ३ ने सुरू होणाऱ्या म्हणून नोंद नेहमी जास्त पडणारी आणि रोख नेहमी कमी दिसणारी.

मी तिला विचारलं, "ताई, ह्या नोकरीच्या आधी काय करत होतीस?"

"इथंच होते की सर. दोन वर्षं पिग्मी गोळा केली. यंत्र घेऊन सगळी बाजारपेठ फिरायचे."

तिच्याकडून मोबाइल घेतला, फोन लावायचे आकडे उघडले आणि तो नमपॅडच्या शेजारी काचेवर ठेवला. मोबाइलवर सगळ्यात वर १-२-३. नमपॅडवर सगळ्यात वर ७-८-९. मधली ओळ दोन्हीकडे ४-५-६, आणि शून्य दोन्हीकडे खाली. तिचं पिग्मीचं यंत्रही मोबाइलसारखंच. दोन वर्षं, रोज, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत तिने १०० मारले होते, ते वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणाने. नमपॅडच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ७ आहे. खाली बघून टाइप केलं तेव्हा तिचं बरोबर यायचं. गर्दी वाढली, नजर यादीवर राहिली, की हात आपल्या ओळखीच्या कोपऱ्यात जायचा. ती "शंभरच मारले" म्हणत होती ते तिच्या हाताच्या हिशेबाने खरंच होतं.

ती दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ते साठ पण..." आणि तेव्हा आम्हाला कळलं की तिने पदरचे पैसे भरलेत.

ही दोन उलट्या मांडण्यांची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावी डेव्हिड सुंडस्ट्रँड यांनी दहा बटणांचं बेरजेचं यंत्र केलं, त्यात ७-८-९ वर आणि शून्य खाली होतं. तीच मांडणी हिशेबाच्या यंत्रांतून कॅल्क्युलेटरमध्ये आणि तिथून कीबोर्डवर आली. टेलिफोनवाल्यांनी वेगळी वाट धरली. बेल लॅब्ज ह्या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत आर. एल. डाइनिंजर यांनी बटणांच्या कितीतरी मांडण्या लोकांना वापरायला देऊन वेग, चुका आणि आवड तपासली. हे काम १९६० साली प्रसिद्ध झालं. चांगल्या मांडण्यांमधले फरक फार मोठे नव्हते, पण निवड झाली ती वरून १-२-३ अशा ओळींची. नोव्हेंबर १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दोन गावांत बटणांचे फोन गिऱ्हाइकांना मिळू लागले. एटीएम, कार्ड घासायची यंत्रं, मोबाइल हे सगळे पुढे फोनच्या मागे गेले. आज एकाच मोबाइलमध्ये फोन लावायचे आकडे वरून १-२-३ असतात आणि त्याच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये वरून ७-८-९. बहुतेकांच्या हे कधी ध्यानातही येत नाही, कारण आपण बघून दाबतो. न बघता दाबणाऱ्याला मात्र ह्या दोन्ही मांडण्या वेगळ्या भाषांसारख्या असतात, आणि ज्याचा हात ज्या भाषेत वाढला ती त्याची मातृभाषा.

उपाय ठरवायला आम्ही सगळे बसलो. ह्या वेळी मी आधी ऐकून घेतलं.

माझ्या मनात होतं की तिच्या नमपॅडचे आकडे सॉफ्टवेअरने उलटवून द्यावेत. विंडोजमध्ये बटणांचं काम बदलता येतं. १-२-३ वर आणले आणि बटणांच्या टोप्याही बदलल्या की झालं. भाऊंनी लगेच विचारलं, "ती रजेवर गेली आणि त्या जागी दुसरं कुणी बसलं, तर?" मुद्दा बिनतोड होता. उलटा नमपॅड दुसऱ्याच्या हाताला तीच चूक करायला लावणार. साहेबांचं म्हणणं, सराव करून घ्या. सरावाने जमतंही. पण लोकांच्या पैशांच्या नोंदी करता करता सराव करायचा, हे कुणालाच पटेना.

शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "सर, मला वरची ओळच द्या. तिथं सगळे एका रांगेत आहेत, वर-खाली काही नाही. बघून मारते, पण चुकत नाही." पहिल्यांदा फक्त ८७ बटणांचा कीबोर्ड होता त्या दिवसांत तिच्या काउंटरवर एकही फरक आला नव्हता, हे आम्ही तेव्हा कुठे ध्यानात घेतलं. ज्या कीबोर्डने काकूंचा हात गेला, त्याच कीबोर्डवर ही मुलगी सुखात होती. तिचा नमपॅड त्याच दिवशी निघाला.

काकूंना सुटा नमपॅडही मानवला नव्हता. तो हलका, करंगळीने एंटर जोरात मारला की काचेवर सरकायचा, आणि गठ्ठा संपेपर्यंत दोन बोटं लांब गेलेला असायचा. पाचचा उंचवटा सापडायला हात आधी जागेवर हवा. मी खाली दुहेरी टेप लावून बघितली. काकू म्हणाल्या, "असू दे दादा, माझा जुना आहे का अजून?" होता, माळ्यावर. त्याला जागा करायला सुताराकडून काउंटरच्या बाजूला एक फळी मारून घेतली आणि नोटा मोजायचं यंत्र तिच्यावर गेलं. ह्या एका फळीने सगळ्या शाखेचा जागेचा प्रश्न सुटला असता, चार कीबोर्ड घ्यायच्या आधीच. काकूंची आता एकच तक्रार उरली आहे: त्यांच्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरला दोन शून्यांचं एक बटण आहे, ते कीबोर्डला का नाही. तसं बटण असलेले सुटे नमपॅड येतात, पण जुना कीबोर्ड सोडायला त्या तयार नाहीत.

कर्ज विभागातले अण्णा राहिले. त्यांचं काम माऊसवर जास्त. जुन्या मोठ्या कीबोर्डच्या वेळी माऊस नमपॅडच्या पलीकडे असायचा, त्यामुळे उजवा हात दिवसभर बाहेरच्या बाजूला ताणलेला. खांदा दुखतो म्हणून ते वर्षभर मालिश करून घेत होते. लहान कीबोर्ड आल्यावर माऊस आत आला आणि महिन्याभरात त्यांचं दुखणं बरंच उतरलं. पण व्याजाचे आकडे भरायला नमपॅड हवाच होता. त्यांनी तो स्वतःच उचलून डाव्या हाताला ठेवला. बघायला मला फार मजा वाटली. डाव्या हातात बोटं उलटी बसतात: तर्जनी ६ वर, मधलं बोट ५ वर, अनामिका ४ वर. एंटर करंगळीऐवजी तर्जनीच्या बाजूला येतो, तो सोयीचा. शून्य मात्र अंगठ्याला आत वळवून गाठावा लागतो, आणि पहिले पंधरा दिवस त्यांचं शून्याऐवजी दशांश टिंबच दाबलं जायचं. आता डावा हात आकडे भरतो, उजवा माऊसवर, आणि खांदा जागच्या जागी.

मार्चनंतर हिशेब तपासनीस आले. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाखेतल्या सामानाची नोंदवही, उघडून त्यांनी विचारलं की चार ठिकाणी एकाच दिवशी एकसारखे कीबोर्ड घेतल्याची नोंद आहे, मग प्रत्यक्षात एक जुना, तीन नवे, त्यातल्या एकालाच सुटा नमपॅड आणि एक नवा कपाटात, हे कसं. साहेबांनी त्यांना काकूंच्या मागे पाच मिनिटं उभं केलं, मग अण्णांच्या मागे. तपासनिसांनी शेरा लिहिला नाही.

भाजीवाल्याची ८० ची नोंद २० केल्यावर ६० रुपये जादा निघाले होते, आणि टिकांच्या याद्यांमधून दुसऱ्या साठचाही उगम सापडला: एका सलूनवाल्याच्या १० चे ७० झाले होते. त्या १२० रुपयांचं नावे व्हाउचर भाऊंनी तिच्या नावाने काढलं. तिने ते यादीच्या शेजारी ठेवलं, वरच्या ओळीतले १, २, ० बघून दाबले, एकदा वाचले, आणि काकूंकडून पैसे घेऊन सही केली.